भाच्याला जामीन राहू की नको?

पत्र असं आहे (थोडं कमी करून देते):

‘ताई, मी वणी तालुक्यातला शेतकरी. तीन एकर वावर, कपाशी अन् तूर. माझ्या बहिणीचा पोरगा राजुरा तालुक्यात राहतो. दिवाळीनंतर धुऱ्यावरून (वावराच्या बांधावरून) शेजाऱ्याशी भांडण झालं, त्यात यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याचा हात मोडला. आता तो चंद्रपूरच्या जेलात आहे. कोर्टानं २५,००० रुपयांचा जामीन मंजूर केला, त्याला अकरा दिवस झाले, पण जामीनदार मिळेना. भाचा दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातो. त्याच्या गावातला एक जण मागं केस चालू असतानाच निघून गेला, तो आलाच नाही, अन् जामीनदाराला कोर्टात चकरा माराव्या लागल्या. तेव्हापासून त्या गावात कोणी कोणाला जामीन राहत नाही. हाही पळून जाईल म्हणतात सगळे. बहीण फोनवर रडते. बायको म्हणते, “वावर जाईन आपलं.” वकील म्हणतात, दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार कोर्टाला चालेल की नाही, सांगता येत नाही. पोट्टा पळून जाईल का, हे कसं ओळखावं? अन् पळालाच तर माझं काय?’

भाऊ,

आधी वहिनींच्या भीतीबद्दल बोलते. ती मनातून गेल्याशिवाय पुढचं काही ऐकवणार नाही.

जामीनदार म्हणून सही करताना तुम्ही भाच्याच्या गुन्ह्याची जबाबदारी अंगावर घेत नाही. उद्या तो दोषी ठरला, शिक्षा झाली, तरी तुमच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. तुम्ही लिहून देता ते एवढंच, की कोर्ट बोलावील तेव्हा हा हजर राहील, आणि राहिला नाही तर बंधपत्रात, म्हणजे जामिनाच्या लेखी हमीत, लिहिलेली रक्कम मी भरीन. ही रक्कम २५,००० रुपये आहे, तीन एकर नाही. कोर्ट सातबारा आणि ऐपतीचा दाखला मागतं ते तुमची तेवढी ऐपत आहे का हे बघायला. नुसत्या त्या कागदांनी वावर गहाण पडत नाही.

आता समजा, तो आलाच नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम ४९१ प्रमाणे कोर्ट आधी बंधपत्र मोडल्याची नोंद करतं आणि मग तुम्हाला नोटीस काढतं, की रक्कम का वसूल करू नये ते सांगा. त्या नोटिशीला उत्तर द्यायचं असतं. घरी बसून राहायचं नसतं. तुम्ही त्याला शोधलं, पोलिसांना त्याचा पत्ता दिला, स्वतः येऊन सांगितलं, तर कोर्टाला रकमेतला काही भाग सोडून देण्याचा अधिकार आहे. उत्तरच दिलं नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर ती रक्कम दंडासारखी वसूल होते. त्यात जप्ती येते, महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीही येते, आणि कुठूनच वसूल झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हे मी लपवत नाही. तेव्हा वहिनींचा प्रश्न अगदी योग्य आहे. पण धोका २५,००० रुपयांचा आहे, आणि तोही एका दिवसात दारात येत नाही. तेवढी रक्कम गेली तर तुमचं घर मोडेल का, याचा हिशेब तुम्ही दोघांनी सोबत बसून करा. मोडणार असेल तर पुढचं न वाचताही नाही म्हणू शकता, आणि त्यात काही चूक नाही.

आणखी एक गोष्ट जामीनदारांना कोणी सांगत नाही. तुम्ही कायमचे अडकत नाही. भाच्याचे रंग बदलताना दिसले, तर कलम ४८९ खाली अर्ज करून जामीनकीतून मोकळं होता येतं. अर्ज आला की कोर्ट आरोपीला वारंट काढून समोर आणतं, तुम्हाला मोकळं करतं आणि त्याला दुसरा जामीनदार आणायला सांगतं. नाही आणला तर तो परत आत जातो. हा अर्ज तो निघून जायच्या आधी करायचा असतो. नंतर त्याचा उपयोग नाही.

दुसऱ्या जिल्ह्याचं वकिलांनी सांगितलं, त्यावर त्यांना मोतीराम प्रकरणाची आठवण करून द्या. १९७८ चं आहे, सर्वोच्च न्यायालयाचं. मध्य प्रदेशातला मोतीराम हा राजमिस्त्री. त्याला १०,००० रुपयांचा जामीनदार आणायला सांगितलं, आणि भाऊ उभा राहिला तर तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चालणार नाही म्हटलं आणि गरिबाला परवडेल अशा १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर (स्वतःच्याच लेखी हमीवर) त्याला सोडायला सांगितलं. अलीकडे, ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे माणसं सुटायला उशीर होतो, तेव्हा अशा प्रकरणांत कोर्टांनी ती अट घालू नये. वणी आणि राजुऱ्यात जिल्ह्याची हद्द आहे, एवढ्यावर तुमचा सातबारा नाकारला तर वकिलांनी अर्जात हे दोन्ही लिहावं.

आता तुमचा खरा प्रश्न. पोट्टा पळेल का?

पोलिसांच्या ‘से’मध्ये, म्हणजे त्यांच्या लेखी म्हणण्यात, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जामीन अर्जाला असतं: आरोपी फरार होण्याची शक्यता आहे, साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता आहे. मी तालुका कोर्टात अनेक वर्षं हे वाक्य ऐकलं. कोंबडी चोरणाऱ्यालाही तेच आणि खुनातल्या आरोपीलाही तेच. म्हणून त्या वाक्याला घाबरू नका. कोर्टानं ते वाक्य वाचूनच तुमच्या भाच्याला जामीन दिलेला आहे.

गावाचं म्हणणं मात्र वेगळ्या कारणानं खोटं आहे. एक पळाला म्हणून हाही पळेल, हा हिशेब सर्वोच्च न्यायालयानंसुद्धा मानलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये पी. चिदंबरम यांना जामीन देताना न्यायालयानं म्हटलं, की इतर काही आरोपी देश सोडून गेले म्हणून समोरच्या आरोपीला त्याच मापानं मोजता येणार नाही. ज्याचं त्याचं प्रकरण वेगळं बघायचं. तो निकाल मोठ्या माणसाचा असला तरी तत्त्व तुमच्या भाच्यालाही लागू आहे. आणि खरं सांगायचं तर पळायला पैसा लागतो. विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये गेला, नीरव मोदी जानेवारी २०१८ मध्ये. दोघंही कोणाच्या जामिनावर सुटून गेले नव्हते, अटक व्हायच्या आधीच विमानात बसले. त्यांच्यासारख्यांसाठी १०० कोटींच्या वरच्या गुन्ह्यांचा वेगळा कायदा २०१८ मध्ये करावा लागला. ज्याच्याकडे राजुऱ्याहून हैदराबादला जायचं तिकीट काढायला मुकादमाची उचल लागते, तो किती दिवस लपून राहील?

कोण परत येतो हे ओळखायची कसोटी १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी लिहून ठेवली आहे. बिहारच्या तुरुंगात माणसं शिक्षेच्या मुदतीपेक्षा जास्त काळ खटल्याची वाट बघत पडली होती, त्या प्रकरणात. माणूस किती वर्षं त्याच जागी राहतो, कामधंदा काय, घरी कोण आहे, आधी कधी गुन्हा आहे का, आधी कधी तारखेला गैरहजर राहिला का, त्याच्याबद्दल शब्द देणारी बरी माणसं गावात आहेत का. पैसा किती आहे हेही त्यात आहे, पण अनेक गोष्टींपैकी एक म्हणून. हा विचार त्यांनी अमेरिकेतल्या एका प्रयोगावरून घेतला होता. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये ‘व्हेरा’ नावाच्या संस्थेनं आरोपींची अशीच चौकशी करून, एक पैसाही न घेता, नुसत्या शब्दावर सोडायची शिफारस सुरू केली. असे सुटलेल्यांपैकी जाणूनबुजून न आलेले शंभरात दोनसुद्धा निघाले नाहीत.

याच मापानं भाच्याकडे बघा. घर आईच्या नावावर आहे का, बायको-लेकरं कुठं आहेत, रेशन कोणत्या दुकानातून उचलतात, हा पहिलाच गुन्हा आहे का. आणि तेलंगणाचं जे सगळे बोलतात, त्यावर मला थांबायचंय. गडचिरोली-चंद्रपूरकडून मिरची तोडायला माणसं दरवर्षी जातात. मुकादम गाडी भरून नेतो, काम संपलं की माणसं परत येतात. तुमचा भाचा इतकी वर्षं जातो, म्हणजे इतकी वर्षं परत येतो. गाव ज्याला पळण्याचा पुरावा म्हणतं, तो मला परत येण्याचा पुरावा वाटतो. परक्या मुलखात नवीन काम धरून राहायचं असतं तर ते त्यानं आधीच केलं असतं.

तरी काही खुणा आहेत, त्या दिसल्या तर मी तुम्हाला सही करू नका म्हणेन. बैलजोडी गुपचूप विकायला काढली, लेकराचा शाळेचा दाखला काढून आणला, बायको माहेरी गेली ती परत येत नाही. दुसऱ्या एखाद्या केसमध्ये त्याच्यावर आधीच वारंट आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जखमी शेजाऱ्याची तब्येत. हात मोडला आहे आणि माणूस हिंडतो-फिरतो, तर गोष्ट वेगळी. देव न करो, पण तो दगावला तर कलम बदलतं, शिक्षेचं भय बदलतं, आणि भय बदललं की माणूसही बदलतो. सही करण्याआधी हे वकिलांना विचारून घ्या.

जेलात मुलाखतीला जाऊन त्याला एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारा: समोरच्या पार्टीची भीती वाटते का? धुऱ्याच्या भांडणात फिर्यादी आणि आरोपी यांची घरं भिंतीला भिंत लागून असतात. सुटून आलेला पोरगा रात्री घरी झोपू शकत नसेल, तर तो गाव सोडेल, आणि गाव सोडलेला माणूस तारीख सोडतो. त्यानं हो म्हटलं तर सुटल्यावर पहिले काही महिने त्याला तुमच्याकडे वणीला ठेवा. पत्ता बदलल्याचं कोर्टाला आणि ठाण्याला लेखी कळवा, एवढं मात्र करा.

मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक ‘फरार’ माणसं पळायच्या इराद्यानं निघाली नव्हती. त्यांची पेशी चुकली होती. एक प्रकरण अजून डोळ्यासमोर आहे. वीटभट्टीवर काम करणारा एक जण, मारामारीच्या केसमध्ये जामिनावर. वकिलाच्या कारकुनानं त्याला पुढची तारीख सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर लिहून दिली होती. शर्टाच्या खिशात घामानं शाई पसरली. ११ की १९ हे त्याला कळेना. तो १९ ला आला, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भट्टीची मजुरी बुडवून. पेशी ११ ला होऊन गेली होती आणि अजामीनपात्र वारंट निघालं होतं. तो वकिलाला शोधत व्हरांड्यात उभा असताना कोणीतरी बाकड्यावरून म्हटलं, ‘तुझं वारंट निघालंय, आत गेला तर बाहेर येत नाहीस.’ तो कोर्टाच्या दारातून वळला तो थेट नागपूरला. पुढची दोन वर्षं बांधकामावर राहिला, बहिणीच्या लग्नालाही आला नाही. ज्या दिवशी तो कोर्टाच्या दारात स्वतःच्या पायांनी उभा होता, त्या दिवशी वारंट रद्द करायचा अर्ज दिला असता तर संध्याकाळपर्यंत घरी गेला असता, फार तर थोडा खर्च भरून. पकडला गेला तेव्हा मात्र त्याच्या कागदावर फरार लिहिलेलं होतं, आणि त्या एका शब्दानं दुसरा जामीन मिळायला फार दिवस गेले.

तारीख चुकते, वारंट निघतं, वारंटाची भीती बसते, आणि त्या भीतीनं माणूस पळतो. पळण्याची शक्यता मोजत बसण्यापेक्षा पहिली कडी तोडणं तुमच्या हातात आहे. परदेशातही हेच दिसलं आहे. न्यूयॉर्कमधला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सचा कागद सोपा करून, तारीख ठळक दिसेल असा छापला, तर गैरहजेरी सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाली. तारखेच्या आधी मोबाइलवर आठवण पाठवली, तर सुमारे २१ टक्क्यांनी. गुन्हे किरकोळ होते, मुलूख वेगळा आहे, हे मान्य. पण विसरणं सगळीकडे सारखंच असतं.

म्हणून तुम्ही सही करणार असाल तर या गोष्टी करून घ्या. जामीन आदेशाची प्रत हातात घ्या आणि अटी स्वतः वाचा. ‘न्यायालयाच्या परवानगीशिवाय राज्य सोडू नये’ किंवा ‘दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यावी’ अशी अट असेल, तर मिरचीच्या हंगामाआधी परवानगीचा अर्ज द्यावाच लागेल. त्यात गावाचं नाव, मुकादमाचं नाव आणि नंबर, परत यायची तारीख लिहा. सांगून जाणारा मजूर आणि पळालेला आरोपी यांत एवढाच फरक असतो. न सांगता गेला तर भाच्याची नियत कितीही साफ असली तरी जामीन रद्द होऊ शकतो.

केसचा सीएनआर नंबर मागा, सोळा अक्षर-अंकांचा असतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते. तुमच्या घरात दहावी-बारावीचं लेकरू असेल तर त्याच्या मोबाइलमध्ये टाका. कारकुनाच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका. पेशीच्या आदल्या संध्याकाळी भाच्याला तुम्ही फोन करा. कामामुळे खरंच येता येत नसेल, तर त्या दिवशीचा हजेरी माफीचा अर्ज वकिलामार्फत देता येतो, फक्त तो पेशीच्या दिवशी द्यावा लागतो, नंतर नाही. अशी माफी एखाद्या वेळी मिळते, दर वेळी मागू नये. आणि पेशी चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन कोर्टात उभे राहा. पोलीस दारात यायची वाट बघू नका.

हे पहिल्या सहा महिन्यांत जमतं. अवघड असतं ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. साक्षीदार येत नाहीत, न्यायाधीश बदलतात, तारखेवर तारीख पडते, दर पेशीला मजुरी आणि एसटीचं भाडं जातं, आणि माणूस म्हणतो, एक दिवस नाही गेलो तर काय होतं. मला सगळ्यात जास्त काळजी त्या दिवसाची वाटते. तुमची जामीनकी तेव्हाही चालूच असेल, हे भाच्याला आत्ताच, त्याच्या आईसमोर, सांगून ठेवा. जामिनावर सुटून कोर्टात न येणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद आहे, हेही त्याला माहीत असू द्या.

आणि तुम्ही नाही म्हणायचं ठरवलं तर? तर बहिणीच्या रडण्यानं स्वतःला गुन्हेगार समजू नका. पोरगा तुमच्या सहीअभावी सडेल असं नाही. वकील जामिनाची रक्कम कमी करायचा अर्ज देऊ शकतात, रक्कम अवाजवी असू नये असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४ सांगतं. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या, असंही मागता येतं, कलम ४९० खाली; ती रक्कम नातेवाईक मिळून जमवू शकतात आणि केस नीट संपली की परत मिळते. २०२३ च्या त्याच आदेशाप्रमाणे, जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीनदार नाही मिळाला तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. तुमचे अकरा दिवस झालेत. बहिणीला सांगा, १५१०० या क्रमांकावर फोन करून प्राधिकरणाला कळव. ही मदत फुकट असते.

२०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ खटला संपायची वाट बघणारी होती. त्यातले कितीतरी तुमच्या भाच्यासारखे, जामीन मंजूर झालेला आणि उभा राहणारा माणूस नाही. कोर्टाच्या गेटवर पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार असतात, त्यांच्याकडे बहिणीला जाऊ देऊ नका. त्यांची कागदपत्रं खोटी निघाली तर भाच्याचाच जामीन अडचणीत येतो.

माझं मत विचाराल, तर जेवढं तुम्ही लिहिलं आहे त्यावरून मी सही केली असती. फक्त आधी चंद्रपूरला जाऊन त्याला भेटले असते, जखमी शेजाऱ्याची तब्येत विचारली असती, आणि वहिनींना सोबत नेलं असतं. सातबारा, ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि दोन फोटो घेऊन जा, मूळ कागद परत घ्यायला विसरू नका, आणि आणखी कोणाला जामीन आहात का असं कोर्टानं विचारलं तर खरं तेच लिहा. कलम ४८६ खाली ते सांगावंच लागतं.